शेवटच्या भागातलं हक्कसोड

त्या सिनेमाच्या शेवटाला मी अजून माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, सिनेमाच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी लावून घेतलेलं आहे. पाच भागांची मालिका, दहा-अकरा वर्षं पाहिली, मधल्या काळात लग्न, नोकरी, बाळंतपण सगळं उरकून पाहिली, आणि पाचव्या भागात लिहिणाऱ्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांना थोडक्यात सांगते. एक भाऊ आणि एक बहीण. आकाशातून पडलेल्या दगडाला हात लागतो आणि दोघांना शक्ती मिळते. भाऊ उडतो. बहीण थांबवते. तिनं तळहात समोर धरला की गोळी थांबते, रेल्वे थांबते, पूरसुद्धा थांबतो. पोस्टरवर कायम भाऊ मधोमध उडत असायचा आणि बहीण खाली कोपऱ्यात, तिकिटाच्या खिडकीकडे बघत असल्यासारखी. पण नीट पाहणाऱ्याला कळायचं की हा नुसता वर फिरतो, माणसं वाचवते ती. इमारत कोसळायला लागली की हा घिरट्या घालणार आणि शेवटी हात पुढे करायला हीच लागणार. मी शाळेत विज्ञान शिकवते. मालिकेत विज्ञानाच्या नावानं आनंद होता, तरी तिच्यासाठी मी तेवढ्याकडे काणाडोळा केला होता.

पहिला भाग आम्ही लातूरला पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. अहमदपूरजवळच्या गावातून अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला अकरावीला लातूरला क्लासला घातलं होतं. मी तेव्हा बीएस्सी होऊन घरी आले होते आणि नांदेडला विद्यापीठात एमएस्सीला जायचं माझ्या डोक्यात होतं. अप्पा म्हणाले, "मेसचं खाऊन पोरगं आजारी पडंल. दोन वर्सं तू ऱ्हा त्याच्यापाशी." मी राहिले. एकाच खोलीत एका कोपऱ्यात तो सूत्रं घोकायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी वरणाला फोडणी द्यायची. त्या गल्लीत घरोघरी अशाच कुणाच्या आया, कुणाच्या बहिणी पोरांचे डबे करायला येऊन राहिल्या होत्या, त्यामुळे यात काही वेगळं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

एका रविवारी त्याची टेस्ट झाल्यावर आम्ही त्या सिनेमाला गेलो. परत येताना तो रस्त्यानं दोन्ही हात पसरून पळत सुटला. मी तळहात समोर धरून मागून चालले, तर एक ऑटो खरोखर थांबला. "कुठं जायचं?" ऑटोवाल्यानं विचारलं. मी म्हणाले, "कुठंच न्हाई." त्यावर त्यानं जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाऊ हसून हसून फूटपाथवर बसला होता.

तो डॉक्टर झाला नाही. दोनदा परीक्षा दिली, मग गावाकडे परतला आणि शेती करू लागला. चांगली करतो, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, शेजारचे बांधकरीही सांगतील. मी बीएड करून नांदेडला शाळेत लागले, तिथंच दिलं मला. पण मालिकेचा नवा भाग आला की तो पहिल्या रविवारी नांदेडला यायचा. आमच्या ह्यांना असल्या सिनेमांचं वावडं, त्यामुळे आम्ही दोघंच जायचो.

तिसऱ्या भागात एक गोष्ट अगदी ठासून सांगितली होती. शक्ती दुसऱ्याला देता येत नाही. दिली तर देणारा आणि घेणारा दोघांची राख होते. एक म्हातारा शास्त्रज्ञ दोनदा सांगतो आणि तसं करायला जाऊन स्वतः जळून मरतो. हे लक्षात ठेवा, कारण लिहिणाऱ्यांनी ठेवलं नाही.

चौथा भाग असा संपला की बहीण ढिगाऱ्याखाली, फक्त तळहात बाहेर. पुढे काय, यावर आम्ही जवळजवळ चार वर्षं फोनवर वाद घातला. तो शेतातल्या मोटारीपाशी बसून बोलायचा, मी शाळेच्या जिन्यात. मधेच अप्पा गेले. मातीहून परतल्यावर पंधरा दिवस आम्हाला एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. मग एका दुपारी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "अक्का, मला वाटतं ती मेली नसंल. हाताचं बोट हललं होतं." मी म्हणाले, "हाव, मलाबी तसंच वाटतं." मग दोघंही रडलो. सिनेमाला मी उगाच डोक्यावर घेतलेलं नव्हतं.

अप्पांच्या मागे शेताला वारस लागले. सातबाऱ्यावर तीन नावं आली, अव्वाचं, भावाचं आणि माझं. अव्वा म्हणजे आई. आमच्याकडे यानंतरचा रिवाज ठरलेला आहे. बहीण रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोड करून देते, म्हणजे आपला वाटा भावाच्या नावानं सोडून देते. भाऊ तिला भारीतली साडी घेतो, जेवण होतं, फोटो काढतात. जी करून देत नाही तिला कुणी तोंडावर काही म्हणत नाही, फक्त पंचमीला बोलावणं येत नाही.

अव्वाचा फोन आधीच येऊन गेला होता. "सही करून दे माय. आपल्यात समद्या पोरी देतात. मी बी दिली व्हती माझ्या भावाला." खरं सांगायचं तर मी देणारही होते. मला काही औत धरायचं नव्हतं. मग भावाचा फोन आला. "अक्का, शेवटचा भाग लागला. रविवारी येतो. सिनेमा बघू, अन् तसंच गावाकडं जाऊ. सोमवारी अहमदपूरला जरा काम हाय."

"कसलं काम?"

"त्येच. सहीचं. एक दिवस रजा टाक."

एवढंच. देतेस का, असं त्यानं विचारलं नाही. मीही तेव्हा विचार केला नाही. सिनेमाच्या आनंदात सोमवारची रजा टाकून मोकळी झाले.

रविवारी सकाळचा शो होता. थिएटर भरलेलं, हिंदीतली प्रत. पहिला दीड तास बहीण ढिगाऱ्यातून निघते, अर्धं शहर थांबवून धरते, नाकातून रक्त येतं तरी हात खाली करत नाही. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. आणि मग, कशाचा कशाला पत्ता नसताना, ती भावाकडे वळते. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. म्हणते, "मैं अपनी मर्ज़ी से अपना हक़ छोड़ती हूँ." तळहात त्याच्या छातीवर ठेवते. कुणाचीही राख होत नाही. शास्त्रज्ञ बिचारा फुकट मेला. ती मंद उजेड होऊन विरून जाते, भावाला तिची शक्ती मिळते, आता तो उडतोही आणि थांबवतोही. दोन मिनिटांत राक्षस खलास. मग शहराच्या चौकात पुतळा. एकट्या भावाचा.

ती हसत हसत विरत होती, थिएटरात शांतता होती, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "घ्या! हक्कसोड झालं बगा!"

सगळं थिएटर फुटलं. असा हशा मी नांदेडात कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या कुठल्या शहरात या वाक्यावर कुणी हसलं नसतं. आमच्याकडे घरटी एक तरी बाई त्या ऑफिसची पायरी चढून आलेली, म्हणून ते पोरासोरांनाही कळलं. माझ्या शेजारची बाई ओढणी तोंडाला लावून हसत होती. माझा भाऊ तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं. त्यानं समोरच्या पडद्याकडे मान वळवली आणि रिकाम्या ग्लासातली नळी ओढत बसला.

मी हसले नाही. माझी कानशिलं तापली होती. अकरा वर्षं जिनं सगळं थांबवलं तिला तुम्ही असा निरोप देता? ती दमली असती, हरली असती, मेली असती, मी सोसलं असतं. पण ती राजीखुशीनं, हसत, उजेड होऊन जाते आणि आम्ही डोळे पुसायचे? आणि वर तिच्या तोंडी "मर्ज़ी" शब्द घालता?

गाडीत बसल्यावर मी सुरू झाले. "तिसऱ्या भागात काय सांगितलं होतं? शक्ती देता येत न्हाई. मग ही कशी दिली?"

"अक्का, शेवटचा भाग हाय. कुठंतरी मिटवायला पाहिजे का न्हाई?"

"मिटवायचं तर तिलाच काऊन मिटवायचं?"

"तसं न्हाई. तिचं मन किती मोठं दाखवलंय बघ."

"मन तिचं मोठं अन् पुतळा ह्याचा?"

"तिनं सोत्ता म्हणलं की, मर्जीनं सोडते म्हणून."

"ती मर्जी कधी झाली? कोणत्या सीनमधी? दोन मिनिटांआधी ती अर्धं शहर धरून राहिली होती. तिला कुणी विचारलं का?"

वाटेत लोह्याला चहाला थांबलो. त्यानं माझ्या चहात साखर कमी सांगितली, त्याला माहीत आहे मला कशी लागते. आम्ही दोघंही सिनेमाबद्दल बोलत नव्हतो हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघांनीही पुढे अहमदपूरपर्यंत सोयाबीनच्या भावावर गप्पा मारल्या.

घरी पोचले तर पलंगावर साडी ठेवलेली. लातूरहून आणलेली, रामा रंगाची, जरीचा काठ. मला तो रंग आवडतो हेही त्याला माहीत आहे. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. अव्वानं धपाटे केले होते. सकाळी मी साडी पिशवीत घालून ठेवली, नेसले नाही. अव्वानं ते पाहिलं.

रजिस्ट्री ऑफिसबाहेर ताडपत्रीखाली बॉन्ड रायटरचं टेबल होतं. त्याच्या संगणकावर कागद तयारच होता. भावानं आधीच सगळी माहिती देऊन ठेवली होती. एकाच कागदावर लिहून देणार म्हणून अव्वा आणि मी, लिहून घेणार म्हणून तो. मी म्हणाले, वाचून दाखवा. बॉन्ड रायटरला हे नवीन असावं. त्यानं चष्मा वर केला आणि एका सुरात सुरू केलं. गट नंबर, चतुःसीमा, आणि मग, "सदर मिळकतीतील आमचा संपूर्ण हक्क आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, भावाच्या व मुलाच्या प्रेमापोटी कायमचा सोडून देत आहोत..."

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"काय ते?"

"हे राजीखुशीने. प्रेमापोटी."

"मॅडम, समद्यांचं हेच असतंय. नाव-गाव तेवढं बदलायचं."

मला कालचं थिएटर आठवलं आणि डोकंच फिरलं. इथंही कुणीतरी आधीच बसून माझे संवाद लिहून ठेवले होते. माझी अक्कलहुशारी छापून तयार होती, मला फक्त खाली नाव घालायचं होतं. मी म्हणाले, "माझी सही होणार नाही."

भावाचा चेहरा उतरला. "अक्का, कुणी जबरदस्ती करून राहिलं का?"

"न्हाई. कुणी इचारून बी राहिलं न्हाई."

"मग आता इचारतो. देतीस का?"

"न्हाई."

आसपासचे लोक कागदातून मान वर काढून बघू लागले. तो हळू आवाजात म्हणाला, "एका सिनेमावरून?"

"हाव. समज सिनेमावरून."

"शेतात मी राबून राहिलो, अक्का. तू न्हाई."

ते खरं होतं आणि ते मला लागलं. मी म्हणाले, "पीक तुझं. मी वाटा मागायला येणार न्हाई. पण अप्पांच्या मागं माझं नाव लागलंय, ते लागू दे. लातूरला दोन वर्सं मी डबे केले तवा बी मला कुणी इचारलं नव्हतं." हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं अजून कधीकधी वाटतं. इतक्या वर्षांत मी ते कुणापुढे बोलले नव्हते. त्यानं खाली बघितलं.

बॉन्ड रायटरला आमच्या भांडणाचं काही नव्हतं. त्याच्यामागे पाच माणसं उभी होती. तो म्हणाला, "मग मावशीचं तेवढं करून घ्यायचं का? कागद बदलून देतो, दहा मिन्टात व्हतं." भाऊ म्हणाला, "करा." प्रिंटरमधून नवा कागद आला, माझं नाव वगळलेला. अव्वा बाकावरून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भावाच्या मागोमाग आत गेली. तिथं फोटो काढतात, यंत्रावर अंगठा घेतात.

मी थांबले नाही. सरळ स्टँडवर गेले आणि नांदेडची गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली. सांगायला लाज वाटते, पण मला फार छान वाटत होतं. जे त्या पडद्यावरच्या बाईला जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं. नांदेड येईपर्यंत मी मनातल्या मनात पाचवा भाग नव्यानं लिहीत होते. त्यात ती हात खाली करत नाही, भावाला म्हणते, तू तुझं उड, मी माझं बघते. चौकात पुतळे दोन.

नंतर दीडेक महिना भावाचा फोन आला नाही. त्याची जागा मी संतापानं भरून काढली. स्टाफरूममध्ये, शेजारणींपुढे, कुणी विषय काढो न काढो, मी त्या सिनेमाच्या शेवटाची साल काढत बसायची. तिला विचारलं कुणी? हा माझा प्रश्न सगळ्यांना पाठ झाला होता. एक सहकारी तर मला बघितलं की दुरूनच म्हणायची, "नाही विचारलं, बाई, नाही विचारलं."

मग एका दुपारी भावानं मोबाइलवर नवा सातबारा पाठवला. सोबत एक शब्द नाही. मी मधल्या सुट्टीत तो बोटांनी मोठा करून पाहिला. माझं नाव होतं. भावाचं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि एवढी खूष झाले की डबा उघडायचा राहिला. मग तिसऱ्यांदा पाहताना वरची ओळ दिसली. अव्वाचं नाव कंसात गेलं होतं आणि त्यावरून आडवी रेघ होती.

तिचं हे आयुष्यातलं दुसरं हक्कसोड होतं. आणि त्या ताडपत्रीखाली मी सगळ्यांना ऐकू जाईल असं भांडले होते, स्वतःसाठी. माझ्या शेजारच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझं नाव वगळून तिचा एकटीचा कागद छापला जात होता तेव्हा मी स्टँडवर जायची घाई करत होते. त्या सिनेमावाल्यांना मी दीड महिना शिव्या घातल्या, त्यांतली एकेक माझ्या अंगावर येऊन पडली. मला स्वतःचा इतका राग याआधी आला नव्हता.

मी तिथूनच अव्वाला फोन लावला.

"अव्वा, सातबाऱ्यावरून तुझं नाव निघालं."

"निघणारच की. अंगठा दिला न्हाई का म्या."

"तुला सोडायचं होतं का?"

पलीकडे सूप चालल्याचा आवाज येत होता, ती तूर पाखडत असावी. मग तो आवाज थांबला.

"तिथंच व्हतीस की तू," अव्वा म्हणाली. "आता इचारून राहिलीस व्हय?"